संवर्धनाची किंमत कोण मोजतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

निसर्गसंवर्धनाच्या कामात परस्परविरोधी हितसंबंध कसे हाताळावेत आणि संबंधित लोकांशी संवाद कसा साधावा, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी समान आशयाची पत्रे एकत्र करून आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळून काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे पाठवणाऱ्यांत क्षेत्र-व्यवस्थापक आहेत, पशुपालक आहेत आणि स्वयंसेवकही आहेत. समोरची बाजू ऐकूनच घेत नाही, ही तक्रार मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे.

प्रश्न : मी एका संरक्षित पाणथळ क्षेत्राच्या व्यवस्थापनाचे काम पाहतो. पक्ष्यांच्या विणीच्या काळात मासेमारीवर आणि गवतकापणीवर निर्बंध घालण्याची गरज आम्ही पक्षिगणनेच्या आकडेवारीसह मांडली, माहितीपत्रके वाटली, तज्ज्ञांची व्याख्याने ठेवली. तरीही विरोध कमी होण्याऐवजी वाढला. लोकांना विज्ञान पटवून देण्याची आणखी कोणती पद्धत आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातील तपशिलावरून असे दिसते की पक्ष्यांची संख्या घटते आहे हे तिथल्या मच्छीमारांनी स्वतःच पाहिलेले आहे आणि तुमच्या आकडेवारीवर त्यांनी फारशी शंकाही घेतलेली नाही. त्यांचा आक्षेप आहे तो त्या आकडेवारीवरून त्यांना न विचारता घेतलेल्या निर्णयाला. अशा वेळी आणखी माहिती दिल्याने विरोध चिघळतो, कारण ज्याला मुद्दा कळलेला आहे त्याला तोच मुद्दा पुन्हापुन्हा समजावून सांगणे म्हणजे त्याला अडाणी ठरवणे होय.

संवर्धनातले मतभेद ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. काही वस्तुस्थितीविषयी असतात, म्हणजे मासे किंवा पक्षी खरोखर कमी झाले का आणि झाले असतील तर कशामुळे. काही हितसंबंधांविषयी असतात. निर्बंधांचा भार कोणावर पडणार आणि लाभ कोणाच्या पदरात जाणार हा तिथला प्रश्न असतो. काही मूल्यांविषयी असतात, जिथे ती जागा मुळात कशासाठी आहे आणि तिच्याविषयी ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरच एकमत नसते. विज्ञान पहिल्या प्रकारच्या मतभेदाला उत्तर देऊ शकते, दुसऱ्यात मोजमापापुरती मदत करू शकते आणि तिसऱ्याचा निवाडा त्याच्या आवाक्यातच नसतो. प्रत्यक्षात आपण तिन्ही तंटे पहिल्या प्रकारचे समजून सोडवायला जातो, कारण त्या जागी आपली बाजू भक्कम असते.

स्कॉटलंडमधील लँगहोमच्या माळाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तिथे रेड ग्राउझ या पक्ष्याच्या शिकारीवर एक मोठी जमीनदारी आणि तिच्यावरचे रोजगार अवलंबून होते, तर हेन हॅरियर हा कायद्याने संरक्षित शिकारी पक्षी ग्राउझची पिल्ले खात होता. १९९२ मध्ये संयुक्त अभ्यास सुरू झाला, शिकारी पक्ष्यांना काटेकोर संरक्षण मिळाले आणि हेन हॅरियरच्या विणीच्या माद्या काही वर्षांत २ वरून २० वर गेल्या. शिकारीचा व्यवसाय मात्र तिथे बंद पडला. पुढे संशोधकांनी हॅरियरना विणीच्या काळात दुसरे खाद्य पुरवून पाहिले, तेव्हा घरट्यांत आणल्या जाणाऱ्या ग्राउझच्या पिल्लांचे प्रमाण सुमारे ८६ टक्क्यांनी घटले. प्रयोग म्हणून हे यश लक्षणीय होते, पण व्यावसायिक शिकार परत सुरू होईल इतके ग्राउझ काही वाढले नाहीत आणि २००८ पासून सुमारे दहा वर्षे चाललेल्या दुसऱ्या संयुक्त प्रकल्पानंतरही ते साध्य झाले नाही. इतकी बारकाईने मोजलेली माळराने जगात फार थोडी असतील. तरीही हा माळ शिकारीसाठी राखायचा की आणखी कशासाठी, हा प्रश्न मोजमापाने सुटला नाही. अखेर २०२१ आणि २०२२ मध्ये त्यातील सुमारे १०,५०० एकर जमीन स्थानिक लोकांच्या संस्थेने देणग्या जमवून विकत घेतली आणि तिथे निसर्गराखीव क्षेत्र उभे केले. उत्तर आले ते मालकी आणि निर्णयाधिकार बदलल्यामुळे.

तुम्ही आता व्याख्याने थांबवावीत असे मला वाटते. पक्षिगणनेच्या तक्त्याशेजारी दुसरा एक तक्ता तयार करा. निर्बंधांच्या महिन्यांत किती कुटुंबांचे काम थांबेल, त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नातला किती भाग त्याच महिन्यांत येतो, जनावरांसाठी गवत तेव्हा दुसरीकडून मिळू शकते का आणि हा तोटा भरून काढण्याची जबाबदारी कोणी घेतली आहे, हे सगळे त्यात लिहा. हा तक्ता तुम्हाला एकट्याला भरता येणार नाही, त्यासाठी त्या कुटुंबांकडे जावे लागेल आणि तुमच्या क्षेत्रातला खरा संवाद तिथून सुरू होईल. शेवटच्या रकान्यात ‘कोणीही नाही’ असे उत्तर आले, तर विरोध का होतो आहे याचे स्पष्टीकरण दुसरीकडे शोधण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : आमच्या कार्यालयात एका विस्तीर्ण क्षेत्राच्या संवर्धन आराखड्याचे काम चालू आहे. मसुदा पक्का होईपर्यंत तो बाहेर जाऊ नये, अन्यथा अफवा पसरतील, असे वरिष्ठांचे मत आहे. हे धोरण योग्य आहे का?

उत्तर : नाही. आराखडा तयार होतो आहे हे लोकांना कळलेले असते, आपली जमीन त्यात आहे की नाही हे मात्र कळत नाही, आणि या मधल्या काळातच अफवांचे सर्वाधिक फावते.

पश्चिम घाटाचे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. संपूर्ण घाटक्षेत्राची संवेदनशीलतेनुसार तीन स्तरांत विभागणी करावी आणि सीमांचा व नियमांचा अंतिम निर्णय ग्रामसभांपर्यंत चर्चा नेऊन व्हावा, अशी त्या अहवालाची भूमिका होती. प्रत्यक्षात तो अहवाल माहिती अधिकाराचा आधार घेऊन आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेल्यानंतर मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. लोकांशी चर्चा करा असे सांगणारा दस्तऐवज लोकांपासूनच दूर ठेवला गेला आणि त्या काळात त्याविषयी जे समज पसरले ते पुढे पुसले गेले नाहीत. नंतर कस्तुरीरंगन कार्यगटाने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवण्याची, म्हणजे तुलनेने सौम्य, शिफारस केली. तरी त्याच वर्षी केरळच्या डोंगराळ जिल्ह्यांत तीव्र आंदोलने झाली. अहवालांच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. पण शेतकऱ्याला आपल्या शेतात उद्या काय करता येईल आणि काय नाही, हे अधिकृत स्रोताकडून त्याच्या भाषेत वेळेवर कळले नाही, ही उणीव दोन्ही अहवालांच्या वाट्याला आली आणि तिची किंमत संवर्धनाच्या संपूर्ण विषयाला मोजावी लागली.

याच्या उलट क्रम ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या फेरआखणीत दिसतो. सुमारे ३,४४,००० चौरस किलोमीटरच्या त्या सागरी उद्यानात मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांहूनही कमी होते. १ जुलै २००४ पासून ते एक तृतीयांश झाले. उद्यानाच्या प्राधिकरणाने पहिल्याच दिवशी नकाशा पुढे केला नाही. प्रवाळभित्तीवर कोणकोणते ताण आहेत हे लोकांपुढे आधी मांडले गेले, मग कोणत्या जागा लोकांना कशासाठी लागतात याची माहिती मागवली गेली, त्यानंतर मसुदा नकाशांसह जाहीर झाला आणि त्यावर पुन्हा हरकती घेतल्या गेल्या. दोन्ही टप्प्यांत मिळून ३१,००० हून अधिक लेखी निवेदने आली आणि त्यानुसार अनेक ठिकाणच्या सीमारेषा बदलल्या. जे बदलणार नव्हते तेही आधीच सांगितलेले होते: शास्त्रज्ञांनी ओळखलेल्या ७० जैवप्रदेशांपैकी प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग पूर्ण संरक्षणाखाली येणारच. रेषा कुठे असावी यावर बोलता येईल, ती असावी की नसावी यावर नाही, इतकी स्पष्टता असल्यामुळे लोकांना आपली शक्ती कशावर खर्च करायची हे कळले. एका बाबतीत मात्र तिथेही अंदाज चुकला. मच्छीमारांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्यवसायांना द्यायच्या साहाय्याची रक्कम सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट होऊन २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेली. खर्चाचा हिशेब निसर्गाच्या हिशेबाइतक्याच काळजीने आधी व्हायला हवा होता.

वरिष्ठांना तुम्ही असे सुचवू शकता की मसुदा ‘अपूर्ण’ असा स्पष्ट शिक्का मारून प्रसिद्ध करावा, काय ठरले आहे, काय ठरायचे आहे आणि काय बदलणार नाही हे पहिल्याच पानावर लिहावे, आणि प्रत्येक गावाला स्वतःपुरता नकाशा स्वतंत्रपणे मिळावा.

प्रश्न : आमच्या जनसुनावण्या गोंधळात संपतात. तीच चार माणसे बोलतात आणि बाकीचे मान डोलावून जातात. यावर उपाय काय?

उत्तर : मोठ्या सभेला पहिली पायरी न करता शेवटची करावी. भर सभेत माणूस आपल्या गटाच्या वतीने बोलतो. तिथे थोडीशी माघार घेणेही त्याला आपल्या माणसांसमोर अवघड होते. त्याआधी मच्छीमार, गुराखी, पर्यटनावर जगणारे, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या स्त्रिया अशा छोट्या गटांना त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांच्या जागी जाऊन भेटावे. ग्रेट बॅरियर रीफच्या प्रक्रियेतही मोठ्या जाहीर सभांपेक्षा छोट्या बैठकी आणि समोरासमोर बसून केलेल्या चर्चा अधिक उपयोगी ठरल्या. जे कुठल्याच बैठकीला आले नाहीत त्यांची यादी करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण हंगामापुरते येणारे पशुपालक किंवा जमिनीचा कागद नसलेली कुटुंबे यांच्याकडे निमंत्रण पोहोचतच नाही आणि निर्बंधांचा पहिला फटका त्यांनाच बसतो. बैठकीत काय सांगितले गेले, त्यातले काय स्वीकारले, काय नाकारले आणि का नाकारले, हे महिन्याभरात लेखी परत कळवावे. नाकारल्याचे कारण कळले तर माणूस पुन्हा बैठकीला येतो.

प्रश्न : मी पशुपालक आहे. आमच्या भागात लांडगे वाढले म्हणून सर्वत्र आनंद व्यक्त होतो. आमची जनावरे मारली जातात, भरपाईसाठी पुरावे मागितले जातात आणि पैसे हाती येईपर्यंत वर्ष उलटते. मी लांडग्यांचा शत्रू नाही. मग आम्हालाच अडथळा का समजले जाते?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि संवर्धनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती मनावर घ्यावी अशी आहे. मोठ्या शिकारी प्राण्याच्या परतण्याचा आनंद देशभर वाटला जातो, खर्च मात्र त्याच्या वाटेत राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांच्या माथी येतो. ही विषमता कोणी उघडपणे कबूल करत नाही तोवर तुमच्याशी केलेला संवाद उपदेशच ठरेल.

भरपाईच्या प्रचलित पद्धतीत दोन मूलभूत अडचणी आहेत. डोंगराळ किंवा झाडीच्या प्रदेशात मारले गेलेले प्रत्येक जनावर सापडत नाही, आणि सापडले तरी ते कोणी मारले हे सांगता येण्याच्या स्थितीत असेलच असे नाही. त्यामुळे खरे नुकसान नोंदीपेक्षा नेहमी जास्त असते. शिवाय कळपात सतत भीती राहिल्याने होणारा परिणाम, रात्रीची राखण, गाभ टाकणारी जनावरे, यांतले काहीही पंचनाम्यात येत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरपाई मिळालेल्या पशुपालकांची लांडग्यांविषयीची सहनशीलता भरपाई न मिळालेल्यांपेक्षा जास्त आढळली नाही. पैसे देणे न्याय्य आहे म्हणून ते द्यायलाच हवेत. पण त्यातून मने वळतील असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

स्वीडनने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. तिथल्या सामी समाजाच्या रेनडिअर पाळणाऱ्या गावांना १९९६ पासून मारल्या गेलेल्या जनावरांच्या संख्येवर पैसे देणे थांबवण्यात आले. त्याऐवजी त्या गावाच्या चराईक्षेत्रात लिंक्स आणि वुल्व्हरीन या शिकारी प्राण्यांची किती यशस्वी वीण झाली, यावर रक्कम ठरू लागली. रेनडिअर मेला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कळपाची राखण चांगली करून नुकसान कमी केले तरी रक्कम तीच राहते, त्यामुळे राखण करणाऱ्याचा फायदा होतो. पशुपालकाला मिळतो तो आपल्या प्रदेशात वन्यजीव नांदू दिल्याचा मोबदला. त्यानंतरच्या काळात तिथे वुल्व्हरीनची संख्या वाढली. हीच व्यवस्था सगळीकडे जशीच्या तशी चालेल असे नाही, कारण तिला नेमकी गणना, विश्वासू यंत्रणा आणि सामूहिक चराईहक्क असलेली गावे लागतात. पण पशुपालकाने दरवेळी पुरावा घेऊन दारात उभे राहण्यापेक्षा ती कितीतरी सन्मानाची आहे.

पैशाखेरीज थोडा निर्णयाधिकारही हाती असावा लागतो. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले गेले, तेव्हा त्यांना कायद्याखाली ‘प्रायोगिक’ दर्जा दिला होता. पाळीव जनावरावर प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या लांडग्याला ठराविक अटींवर मारण्याची मुभा त्यामुळे पशुपालकाला मिळाली. कठोर संरक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांना ही तडजोड रुचली नाही आणि लांडगेच नको असणाऱ्यांचेही समाधान झाले नाही, तरी लांडगे तिथे टिकले. माझ्या मते अशी मर्यादित आणि देखरेखीखालची मुभा छुप्या विषप्रयोगांपेक्षा लांडग्यांच्याही हिताची असते.

तुमच्या भागातील अधिकाऱ्यांकडे एक मागणी आवर्जून करा. दाव्याचा निकाल किती दिवसांत लागेल याची मुदत लेखी ठरवावी आणि ती उलटल्यास रक्कम आपोआप मान्य समजावी.

प्रश्न : आमची संस्था निसर्गसंवर्धनाचे काम करते. दोन गटांतला वाद मिटवण्यासाठी आम्हीच मध्यस्थाची भूमिका घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. तुमची संस्था त्या वादातला एक पक्ष आहे आणि समोरच्यांना ते माहीत आहे. पक्षकार असताना मध्यस्थ म्हणवून घेतल्यास तुमचे हेतू लपवलेले वाटतात आणि आपली बाजू ठामपणे मांडण्याचा तुमचा अधिकारही तुम्ही गमावता. दोन्ही बाजूंना मान्य असलेली आणि निकालात स्वतःचा काही लाभ नसलेली व्यक्ती शोधावी, तिचे मानधन शक्यतो सर्वांनी मिळून द्यावे आणि तिने कोणती माहिती कोणाला सांगायची याचे नियम पहिल्या बैठकीआधीच ठरवावेत.

प्रश्न : परक्या प्राण्यांमुळे स्थानिक पक्षी धोक्यात आले आहेत, पण त्या प्राण्यांना मारण्यास प्राणिप्रेमींचा कडवा विरोध आहे. दोघेही निसर्गावर प्रेम करणारे. मग समेट का होत नाही?

उत्तर : कारण दोघांचे प्रेम वेगवेगळ्या गोष्टींवर आहे. संवर्धक प्रजातीचा आणि अधिवासाचा विचार करतो, तर प्राणिकल्याण मानणाऱ्याला समोरच्या एका जिवाची वेदना दिसते. यांतले कोणतेही मत अज्ञानातून आलेले नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील युइस्ट बेटांवर १९७४ मध्ये बागेतल्या गोगलगायी खाण्यासाठी म्हणून काही हेजहॉग आणले गेले. काटेरी अंगाचा हा छोटा प्राणी तिथे पसरला आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची अंडी खाऊ लागला. त्या बेटांवरील या पक्ष्यांची वीण आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली जाते. २००३ मध्ये सरकारी संवर्धनसंस्थेने हेजहॉग पकडून मारण्यास सुरुवात केली. विरोधकांनी बेटावरच्या लोकांना जिवंत हेजहॉग आणून देण्यासाठी बक्षीस जाहीर केले आणि ते प्राणी मुख्य भूमीवर नेऊन सोडले. मुख्य भूमीवर नेलेले हेजहॉग जगणार नाहीत, म्हणून मारणेच कमी क्रूर, असे संस्थेचे म्हणणे होते. स्थलांतरित हेजहॉग तग धरू शकतात हे अभ्यासातून दिसल्यावर २००७ पासून मारणे थांबवून स्थलांतराचा मार्ग स्वीकारला गेला. वादाचा एक भाग वस्तुस्थितीचा होता आणि तो तपासता आला, म्हणून ही कोंडी फुटली.

प्रत्येक वेळी असा तपासता येणारा भाग सापडत नाही. नेदरलँड्समधील ओस्टफार्डर्सप्लासेन या सुमारे ५६ चौरस किलोमीटरच्या राखीव क्षेत्रात रानटी गुरे, घोडे आणि हरणे कुंपणाच्या आत सोडली होती आणि त्यांना चारा न देता निसर्गक्रमावर ठेवण्याचे धोरण होते. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथले ३,००० हून अधिक प्राणी मेले. त्यांतले बहुतेक उपासमारीने कोसळण्याआधी वनरक्षकांनी गोळी घालून मारले होते. संतप्त नागरिकांनी कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत टाकल्या. व्यवस्थापकांच्या दृष्टीने हे वन्य कळपांचे नैसर्गिक चढउतार होते, तर नागरिकांच्या दृष्टीने माणसाने कोंडलेल्या जनावरांची ती उपासमार होती. आकड्यांवर वाद नव्हताच. पुढे प्राण्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे ठरले. माझे मत असे आहे की कुंपण घातल्यानंतर ‘निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्या’ हा युक्तिवाद पूर्णपणे टिकत नाही आणि त्याची चर्चा पहिला प्राणी सोडण्याआधीच जाहीरपणे व्हायला हवी होती. तुमच्याकडेही मारणे, नसबंदी, स्थलांतर आणि काहीच न करणे या प्रत्येक मार्गाने किती पक्षी वाचतील आणि किती प्राण्यांना कोणता त्रास होईल, हे दोन्ही बाजूंनी मिळून मांडावे. काहीच न करण्यानेही जीव जातात, एवढे त्यातून नक्की दिसेल.

प्रश्न : समाजमाध्यमांवर आमच्या मोहिमेला प्रतिसाद मिळवायचा तर कोणाला तरी खलनायक करावे लागते, असे सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. माझी भूमिका भाबडी आहे का?

उत्तर : अजिबात नाही. अमेरिकेच्या वायव्य भागातील जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला १९९० मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्या भागातल्या सार्वजनिक जंगलांची तोड पुढे मोठ्या प्रमाणात घटली. तो सारा प्रश्न ‘घुबड की रोजगार’ या एका चौकटीत बसवला गेला. गिरण्यांचे यांत्रिकीकरण आणि न चिरलेल्या ओंडक्यांची निर्यात यांमुळे लाकूडव्यवसायातले काम आधीपासूनच कमी होत होते, हे त्या चौकटीत दिसत नव्हते. त्याचबरोबर तोड थांबल्याने काही गावांवर खरोखर आपत्ती कोसळली, हेही घुबडाच्या बाजूने बोलणाऱ्यांना नीट दिसले नाही. चौकट सोपी असल्यामुळे दोन्ही बाजूंनी ती उचलली आणि १९९४ मध्ये त्या जंगलांसाठी व्यापक योजना आल्यानंतरही तिथली कटुता दीर्घकाळ राहिली.

खलनायक ठरवलेल्या माणसांसोबतच तुम्हाला मोहीम संपल्यावर काम करायचे असते. त्यामुळे लिहिलेला मजकूर प्रसिद्ध करण्याआधी, ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यापैकी एखाद्याच्या शेजारी बसून तो मोठ्याने वाचता येईल का, असे स्वतःला विचारावे. बेकायदा उत्खनन करणाऱ्यावर किंवा शिकार करणाऱ्या टोळीवर कठोर शब्दांत लिहिण्यास यामुळे मनाई होत नाही. पोटासाठी जंगलात जाणाऱ्याला त्यांच्या रांगेत उभे करू नये, एवढाच याचा अर्थ. निधी देणाऱ्यांसाठी लिहिताना ‘यात सर्वांचाच फायदा आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. तोही टाळावा, कारण ज्याचे नुकसान झाले आहे तोही ते वाचतो.

प्रश्न : चर्चा, सहभाग, सहमती हे सगळे मान्य. पण चर्चा चालू असताना अधिवास नष्ट होतो त्याचे काय? किती काळ थांबायचे?

उत्तर : हा या अंकातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. वेळ काढण्यासाठी चर्चा वापरली जाते हे खरे आहे आणि सहमतीचा आग्रह धरला की ज्याला बदल नको आहे त्याच्या हाती नकाराधिकार जातो हेही खरे आहे.

थांबण्याची किंमत काय असू शकते ते कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या इतिहासात दिसते. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे १९८० च्या दशकातच सांगत होते की मासे लहान होत आहेत आणि कमी मिळत आहेत. सरकारी अंदाज मात्र खोल समुद्रातील मोठ्या जहाजांच्या भरघोस पकडीवर बऱ्याच अंशी आधारलेले होते, आणि उरलेले मासे थोड्या जागेत गोळा झाल्यामुळे ती पकड टिकून होती. २ जुलै १९९२ रोजी बंदी जाहीर झाली तेव्हा सुमारे ३०,००० लोकांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी तीन दशकांहून अधिक काळ चालली. ऐकण्यात घालवलेला वेळ वाया जातो असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिथे सर्वांत आधी धोक्याची सूचना देणारे लोकच ऐकून न घेतलेले लोक होते.

तेव्हा चर्चा आणि तातडी यांची सांगड घालण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे टप्पे बांधणे. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात शिंपल्यांच्या शेतीसाठी लागणारे पिल्लू-शिंपले समुद्राच्या तळावरून खरवडून काढले जात होते. त्या तळाचे नुकसान होते म्हणून निसर्गसंस्था न्यायालयात गेल्या आणि २००८ मध्ये परवाना रद्द झाला. खटले असेच वर्षानुवर्षे चालू शकले असते. त्याऐवजी त्याच वर्षी शिंपले-उत्पादक, निसर्गसंस्था आणि सरकार यांच्यात करार झाला: पाण्यात दोर आणि जाळी तरंगती ठेवून पिल्ले गोळा करण्याची नवी पद्धत जितके उत्पादन देईल, त्या प्रमाणात तळावरचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने बंद करायचे. काम ठरल्यापेक्षा सावकाश झाले आहे, हेही सांगायला हवे. पण प्रत्येक टप्प्यावर दोघांनाही काही मिळत गेले आणि त्यामुळे करार मोडला नाही.

अधिवास खरोखरच भरून न येणारा असेल, म्हणजे जुने जंगल, प्रवाळ किंवा एखाद्या प्रजातीचे शेवटचे विणीचे ठिकाण असेल, तर चर्चा सुरू होण्याआधी तात्पुरती स्थगिती मागण्यात संकोच करू नये. तोडलेले झाड सहमती झाल्यावर परत उभे करता येत नाही. स्थगितीच्या काळात ज्यांचे काम थांबेल त्यांना पहिल्या दिवसापासून निर्वाहरक्कम मिळावी, अन्यथा वाटाघाटीत घाई त्यांनाच होईल आणि बाकीचे निवांत राहतील. त्या स्थगितीच्या आदेशात मुदतीची तारीख, त्या काळात काय मोजायचे, मोजणीला संबंधित गटांपैकी कोण बरोबर असेल आणि मोजणीचा कोणता निकाल आला तर कोणती कारवाई होईल, हे सर्व लिहिलेले असावे. मुदत संपण्याच्या दिवशी पुढचा निर्णय तयार नसेल तर स्थगिती आपोआप उठणार की आपोआप वाढणार, हेही त्याच आदेशात असावे, कारण ते लिहिलेले नसले की एक बाजू केवळ तारखेची वाट पाहत बसते आणि बोलणी तिथेच थांबतात.